अकरा काड्यांचं तोंड

पंचवीस वर्साची तंबाखू मी एका दिवसात सोडली, आख्ख्या केज तालुक्यात असा दुसरा गडी दाखवा. सोडली कावून, तर त्याच दिवशी टपरीवर गुटख्याची पुडी नवी आलती आन् ती मला जास्त ग्वाड लागली.

मी नामदेव. केजच्या जीप स्टँडावर पुकारा करतो. म्हंजे गाडी भरंपस्तोर वरडायचं, "चला बीड, बीड, मांजरसुंबा, बीड!" आन् म्हातारीचं गठुडं टपावर फेकायचं. शाळेत मी एकदाच गेलतो, हरवलेलं वासरू हुडकाया. वासरू घावलं, मी परत गेलो न्हाई. म्हणून हे मी बोलायलोय आन् माजी लेक सुनंदा लिहायली. नववीला हाय. मधीच लिहायचं थांबून ती माज्याकडं बगती, तवा समजावं की बाप आता खोटं बोलला.

सांगायचं कारण असं. दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "नामदेवराव, मी सांगितलं की लोक मान हलवतात आणि बाहेर जाऊन पुडी फाडतात. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा." मी म्हणलं, "बाई, माजं कुणी ऐकत न्हाई, नुसतं हासतेत." त्या म्हणल्या, "मग हसत ऐकू दे."

* * *

तवा सगळंच पुडीत यायला लागलं हुतं. श्यांपू पुडीत, लोणचं पुडीत, कपड्याची पावडर पुडीत. दुकानापुढं असल्या माळा लोंबायच्या की वाटावं हितं कुणाचंतरी लगीन हाय. आख्खी बाटली घेणारा माणूस दोनदा इचार करतो. पुडी घेणारा करत न्हाई. एक पुडी म्हंजे काय? काहीच न्हाई. असल्या काहीच-न्हाईच्या मी रोज पंधरा-इस खायचो.

तंबाखूला येळ लागायचा. चुना काढा, तळहातावर मळा, थापटा, फुका. तवर बाजूचा माणूस हात पुढं करायचा, त्याला चिमूट द्यायची, दोन शबूद व्हायचे. लेकीचं कसं चाललंय, बैलाचा पाय कसा हाय. पुडीत तसलं काय न्हाई. कोपरा दातानं फाडला, मान वर केली, वतली, कागद खाली. कुणाला द्यायचं न्हाई, कुणाला इचारायचं न्हाई. मला वाटायचं मी सुधारलो. हाताला वास न्हाई, चुन्याची डबी न्हाई, पुडीवर सोनेरी अक्षरं. काय लिवलंय ते मला कुठं वाचता येतंय? खाली बारीक अक्षरात लिवलेलं हुतं म्हणं, तब्येतीला वाईट हाय म्हणून. सुनंदानं एकदा वाचून दाखवलतं. मी म्हणलं, बारीक अक्षरात हाय म्हंजे बारीकच वाईट आसंल.

* * *

पहिल्यांदा तोंडात आग झाली ती वांग्याच्या भाजीनं. मी ताट सरकवलं आन् बायकोवर वरडलो, "शेवंते, तिखट किती टाकलंस गं?"

"रोजचंच हाय."

"मग रोजच जास्त पडायलंय."

शेवंता चौथी शिकलेली हाय, वाद घालत न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं तिखट निम्मं केलं. मला तरी आग. मग पाव केलं. तरी आग. उन्हाळ्यात तिची आई, म्हंजे आमच्या मामी, तिखट कुटून डबा भरून पाठवायच्या. मी चारचौघात म्हणलो, "जावई मारायला पाठवलंय तिखट. इमा बी न्हाई माजा, तुज्या आईला काय मिळनार?" सगळे हासले. शेवंता उठली, आन् तो आख्खा डबा शेजारणीला देऊन आली.

वर्सभर हे चाललं. वर्सभर मी त्या बाईच्या हाताला नाव ठेवलं. कधी म्हणायचो हात जड झालाय, कधी म्हणायचो राग काढायलीस. एकदा आमटीची वाटीच उंबऱ्याबाहेर वतली. घरातली आमटी इतकी पांढरी झाली की सुनंदा शेजारी जाऊन भाकरीवर ठेचा खाऊन यायची. माज्या ध्यानात आलं न्हाई की दुसऱ्याच्या घरी, हाटेलात, चहानंबी मला आग हुतीय. म्हंजे आलं हुतं ध्यानात. सुनंदा बगायली माज्याकडं, म्हणून खरं सांगतो. आलं हुतं. पर बायकोवर वरडणं सोपं पडायचं.

मग माजी शिटी गेली. दोन बोटं तोंडात घालून मी असली शिटी मारायचो की निघालेली यष्टी थांबायची. एक दिवस मारली तर नुसती हवा गेली, सायकलच्या ट्यूबवानी. मग अंबाजोगाईचा पुकारा गेला. बीड म्हणायला तोंड कमी उघडावं लागतं, अंबाजोगाई म्हणायला आ करावा लागतो. मी हळूहळू नुसतं बीडच वरडायला लागलो. अंबाजोगाईच्या जीपवाल्यांना वाटलं मला बीडवाल्यांनी फोडला. खाजाभाई, माजा वीस वर्साचा दोस्त, अंबाजोगाईची जीप चालवतो, त्यानं माजी गचांडी धरली.

"क्या बे नाम्या, माजी गाडी तुला दिसत न्हाई का?"

"दिसती की."

"मग मूं खोल ना!"

मी हासलो. खाजालाबी वाटलं मस्करीच हाय. माजा हाच तोटा हाय. जिंदगीभर सोंगं केली, आता खरं काय झालं तरी लोक टाळ्या वाजवतेत.

* * *

त्या साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलवून धोंडे खाऊ घालायची आमच्याकडं रीत हाय. धोंडा म्हंजे कणकीच्या पारीत पुरण भरलेला गोळा, मोठ्या लिंबाएवढा, वरून तुपाची धार. सासुरवाडी लिंबागणेशच्या बाजूला. मागच्या खेपेला, तीन वर्साखाली, मी एकवीस धोंडे खाल्लते. तिकडं अजून सांगतेत. अभ्यासात न्हाई, शेतीत न्हाई, पर धोंड्यात माजं नाव झालतं.

पंगत बसली. पोरं, मेहुणे, शेजारचे, सगळे मोजायला बसले. मी पहिला धोंडा उचलला आन् तोंडात घातला. गेला न्हाई. दाबला. पुरण मिशीला लागलं, तूप हनुवटीवरून आंगरख्यात. एकच हशा. "नाम्याचं सोंग सुरू झालं!" मी म्हणलं चला, आता सोंगच करू. चिमणीवानी कण कण तोडून खायला लागलो. लोक पोट धरून हासायले. आन् माज्या गालात त्या पुरणानं असली आग झाली की डोळ्याला पाणी आलं. त्यालाबी हासले.

मामी तुपाची वाटी घेऊन आल्या. बसल्या माज्यापुढं.

"जावईबापू, आ करा."

मी केला.

"आजून."

"मामी, एवढंच हाय. दुकान बंद करायच्या टायमाला आलात तुमी."

सगळे हासले. मामी हासल्या न्हाईत. त्यांनी शेवंताला हाक मारली. "शेवंते, ह्यांचं तोंड बघितलंस का कधी?"

शेवंता खाली मान घालून म्हणली, "माज्या हातचं तिखट लागतंय म्हणतेत त्यांना. आग हुती."

मामीनं माज्या ताटाकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"आगं, धोंड्यात कुठं तिखट हाय?"

त्या दिवशी मी दीड धोंडा खाल्ला.

* * *

दुसऱ्या दिवशी खाजानं जीप काढली. पाशिंजर घेतले न्हाईत, फकस्त मी आन् शेवंता. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाताचा इभाग. बाकड्यावर लायनीत बसलो. माज्या शेजारी एक बाप्या, निम्मा जबडा काढलेला, तोंडाला पट्टी, गळ्यात पोराची पाटी आन् खडू. त्यानं पाटीवर काहीतरी लिवलं आन् माज्यापुढं धरलं. आता मला वाचता येत न्हाई हे अनोळखी माणसाला कसं सांगावं? त्यानं इनोद लिवला आसंल म्हणून मी जोरात हासलो. मांडीवर थाप मारली. त्यानं पाटी परत घेतली, पुसली, तोंड फिरवलं.

शेवंता कानात म्हणली, "हासताय काय? त्यांनी लिवलंय, ‘तुमचंबी पुडीनंच का?’"

डॉक्टरीणबाई तरण्या हुत्या, सुनंदाहून धा वर्सानं मोठ्या आसतील. म्हणल्या, "तुमची तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोन बी पुरी गेली न्हाईत. बॅटरी मारून गालात बघितलं. बोटानं आतून दाबलं. म्हणल्या, "गाल आतून कातड्यासारखा कडक झालाय. हा एक पांढरा चट्टा मला आवडत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवायला लागेल."

"कशाची तपासणी?"

"कॅन्सर आहे का त्याची."

मला इनोद सुचला न्हाई. जिंदगीत पहिल्यांदा.

मग त्यांनी इचारलं, "तिखट कधीपासून सोसत नाही?"

"वर्स झालं. पर ते हिच्या हाताचं..."

"हाताचा काय संबंध? तिखट सगळ्यांना सारखंच असतं. तुमच्या गालाची आतली कातडी पुडीनं गेलीय. पाण्यात भिजवून भाकरी दिली असती तरी आग झाली असती."

शेवंता तिथंच उभी हुती, भिंतीला टेकून, पिशवी दोन्ही हातानं धरून. खाजा छताचा पंखा बघायला लागला. पंखा बंद हुता.

परत येताना मला काहीतरी बोलायचं हुतं तिला. काय बोलायचं तेबी ठाऊक हुतं. तुकडा काढलेल्या जागी टाका, वर कापूस. कापसातून मी म्हणलो, "चला, तुज्या आईचं तिखट निर्दोष सुटलं."

खाजा हासला. ती खिडकीतून बाहेर बगत ऱ्हायली, केज येईपस्तोर.

* * *

रपोट यायला बारा दिवस.

ज्याला बारा दिवस थांबावं लागलंय त्यालाच कळंल. मी बसायचो न्हाई. बाजंवर बसलो की उठायचो, उठलो की दारात, दारातून परत आत. हात आपूआप खिशात जायचा, खिशात काय नसलं की दुसऱ्या खिशात. बडीशेप खाल्ली, लवंग चावली, त्यानं तर आगच लागली. काडेपेटीच्या काड्या चावल्या. स्टँडावर गेलो तर समोर टपरी, माळा वाऱ्यावर हालायल्या, मला बोलवायल्यावानी. घरी आलो तर शेजारच्या टीव्हीवर पुडीचीच जाहिरात, नवरदेव घोड्यावर बसून खायलाय. त्याचं तोंड बघा म्हणावं कुणीतरी आतून.

चौथ्या दिवशी आंघोळीला बसलो. श्यांपूची पुडी हातात आली. बोटांना काय ठाऊक श्यांपू का गुटखा? पुडी म्हंजे पुडी. कोपरा दातानं फाडला, मान वर केली, वतली. निम्मी गिळली तवा कळलं. तोंडातून फेस, नाकातून फेस. शेवंता धावत आली, तिला वाटलं फेफरं आलं. कांदा हुंगवला. मी फेसातून म्हणतोय, "श्यांपू हाय, श्यांपू!" ती दाराला धरून हासली. त्या बारा दिवसात ती तेवढी एकदा हासली.

आता जे सांगतो ते सुनंदालाबी ठाऊक न्हाई, ती लिहिता लिहिता ऐकायली. सातव्या दिवशी मी पुडी खाल्ली. रसवंतीच्या मागं जाऊन, पोत्याच्या आडोशाला, चोरावानी. टाका वला आसताना. लई आग झाली, डोळ्याला धारा लागल्या, तरी थुकली न्हाई. पुरी चघळली. मनात म्हणत हुतो, आता रपोट वाईट आला तर ह्या एका पुडीनंच आला आसं हुईल. आन् हात दुसऱ्या पुडीकडं चाललता. असला मी.

घरी आलो, तोंडात बडीशेप कोंबून. शेवंतानं वास घेतला. ताट वाढलं. माज्या ताटात मऊ भात आन् बिनतिखटाचं वरण. तिच्या ताटात बी तेच.

मी म्हणलं, "तू कावून आसलं खातीस? तुला चालतंय की तिखट."

"वर्स झालं. सवय झाली."

तिनं खाली बगत घास घेतला. मी उठलो, खिशातली दुसरी पुडी चुलीत टाकली. ती प्लास्टिकच्या वासानं जळाली. "काय जळालं?" ती म्हणली. मी म्हणलं, "काहीच न्हाई." एक पुडी म्हंजे काहीच न्हाई, हे मी वर सांगितलंच.

* * *

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईनं कागद वाचला. वाचताना त्यांच्या तोंडाकडं बगत हुतो, कागदाकडं बघून मला काय कळनार?

"कॅन्सर नाही," त्या म्हणल्या. मी उठायला लागलो. त्यांनी हात केला. "बसा. आज नाही. आज म्हणतेय मी. पुडी चालू ठेवली तर पुढच्या वेळी मी वेगळं वाचेन. दर तीन महिन्याला यायचं."

शेवंतानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली न्हाई, आपण पिली. घटाघटा. मग मला दिली.

मग कडक गाल ढिला करायला दर आठवड्याला गालात सुया. शुक्करवारी खाजाची पहिली जीप, बाकडं, लायन, आ करा, टोचलं. टोचताना माणसाला वरडता येत न्हाई, तोंड त्यांच्या हातात आसतं. तो पाटीवाला दोनदा भेटला. पहिल्यांदा मी शेवंताला वाचायला लावलं. त्यानं लिवलतं, "काय निघालं?" मी सांगितलं. त्यानं माज्या पाठीवर हात ठेवला आन् पाटीवर लिवलं, "सोडा." तेवढं मीच वळखलं, त्यानं हातबी झटकला हुता. तसा शबूद मी पुडीवर कधी बघितला नव्हता, पर वळखला. दुसऱ्यांदा भेटला तवा आमी नुसतं बसलो. त्याच्यानंतर तो दिसला न्हाई. मी इचारलं न्हाई. भ्यालो.

सुयांसंगट काड्यांचा व्यायाम. कुल्फीच्या चपट्या काड्या दातांच्या मधी एकावर एक घालायच्या, जितक्या मावतील तितक्या, सकाळ-सांज. पहिल्या दिवशी अकरा मावल्या. सुनंदा मोजती. मी बाजंवर बसायचो, तोंडात काड्यांची थप्पी, लाळ गळायली, नजर छताला. बघणाऱ्याला वाटावं सुतार अर्धं काम टाकून जेवायला गेलाय. स्टँडावरचे बघायला यायचे. कुणी म्हणायचं बारावी घाल, कुणी म्हणायचं न्हाई जायची. मी तोंडातून काड्या काढून म्हणायचो, "लेकानू, खिशात पुडी हाय का? काढा. आता आरशापुढं जावा आन् तीन बोटं घाला." एक-दोघं घालून बघायचे. एक तरणा गडी तसाच उठून निघून गेला. शुक्करवारी तो खाजाच्या जीपमधी माज्या शेजारी बसला हुता. त्याच्याशी मी इनोद केला न्हाई.

सहा महिने झाले. बारा, तेरा, चौदावर महिनाभर अडकलं, मग पंधरा. आता सतरा मावतेत. शिटी येती, पुरी न्हाई, यष्टी थांबत न्हाई पर कुत्रं वळून बगतं. अंबाजोगाई म्हणता येतं. पहिल्यांदा म्हणलो तवा खाजानं जीपचा हारन वाजवत ठेवला, पोलीस आला तवा थांबला. हात अजून खिशात जातो. दिवसात चाळीसदा जातो. रातच्याला सपनात मी पुडी फाडतो. म्हणून सुटलो म्हणत न्हाई. आज खाल्ली न्हाई, एवढंच म्हणतो. ज्यो वाचायलाय त्यानं तेवढंच म्हणावं.

* * *

एवढं सांगून झालं. सुनंदानं पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिकडं शेवंता खलबत्त्यात मिरच्या कुटायली हुती. मामीनं ह्या साली परत पाठवल्यात, कुटून न्हाई, आख्ख्या, लेकीनं आपल्या हातानं कुटाव्यात म्हणून. शेवंता आन् सुनंदापुरतं तिखट. ठसक्यानं मी आन् सुनंदा खोकायलो, शेवंता खोकत नव्हती. मान वर न करता सगळं ऐकत ऱ्हायली. पाटीवाल्याच्या जागी तिचा बत्ता थांबला, श्यांपूच्या जागी गालातल्या गालात हासली. रसवंतीच्या मागची पुडी आली तवा म्हणली, "वास आलता."

वाचून संपलं. मी छाती पुढं काढून इचारलं, "कसं झालंय? डॉक्टरीणबाईला द्यायचंय. काय ऱ्हायलं का सांगायचं?"

तिनं बत्ता खाली ठेवला. पदरानं हात पुसले.

"सतरा काड्या मावतेत म्हणं आता तोंडात," ती म्हणली. "आन् ‘शेवंते, माजं चुकलं’ एवढं अजून निघंना त्यातून."